फ्रॅक्चरनंतर चालताना फोनची पावलं का चुकतात?

जुलैमधल्या एका संध्याकाळी मी घराचा जिना उतरत होतो आणि त्याच वेळी व्हॉट्सॲपवर रिप्लाय टाइप करत होतो. शेवटची पायरी संपली असं वाटलं. ती संपली नव्हती. उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, आणि त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं, "आता हळूहळू चालायला लागा."

आता हळूहळू म्हणजे किती? मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, आकडा दिसल्याशिवाय मला काही समजत नाही. फिजिओथेरपीच्या मॅडमनी सोपा हिशोब दिला होता: सकाळ, दुपार, संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, डाव्या हातात एक कुबडी. (दुखरा पाय उजवा असेल तर कुबडी डाव्या हातात. मी आधी उलटी धरली होती. सिनेमात बघून शिकल्याचा परिणाम.) पण माझ्या खिशात पावलं मोजणारा फोन होता, मग मिनिटं कोण मोजणार?

मी कांदिवली पश्चिमेला चारकोपमध्ये राहतो. पहिल्या दिवशी आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. तोंडाने मोजली, ४६ पावलं. घामाघूम होऊन ओट्यावर बसलो आणि फोन काढला. स्क्रीनवर शून्य.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकला रिक्षाने गेलो. चाललो असेन जेमतेम तीस पावलं. फोन म्हणाला, २१२.

फोन खराब नव्हता. तो जे करतो ते नीट करत होता, फक्त ते काय असतं हे मला माहीत नव्हतं. रोज ॲप लिहिणाऱ्या माणसाला हे माहीत नसावं याची थोडी लाज वाटली, म्हणून खोलात गेलो.

फोनला पाऊल दिसत नाही, धक्का कळतो

तुमच्या फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाची चिप असते. तिच्या आत सिलिकॉनचं एक अतिसूक्ष्म वजन तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर टांगलेलं असतं. बेस्टची बस अचानक ब्रेक मारते तेव्हा आपण जसे पुढे झुकतो, तसं फोन हलला की हे वजन जागेवरून किंचित सरकतं. त्याच्या शेजारी विद्युतभार असलेल्या पट्ट्या असतात. अंतर बदललं की कपॅसिटन्स बदलतो, आणि तो बदल मोजून चिप सांगते की या दिशेला इतका धक्का बसला. डावी-उजवी, खाली-वर, पुढे-मागे अशा तिन्ही दिशांना हे मोजमाप सेकंदाला अनेक वेळा चालू असतं. फोन टेबलावर शांत पडलेला असला तरी आकडा शून्य येत नाही, गुरुत्वाकर्षणाचा सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग दिसत राहतो.

खिशात फोन उभा आहे, आडवा आहे की उलटा, हे सॉफ्टवेअरला आधी माहीत नसतं. सगळ्यात सोपा उपाय असा की तिन्ही दिशांच्या आकड्यांचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. मग दिशा कुठलीही असो, धक्का किती मोठा होता ते कळतं. ही रेघ कागदावर काढली तर चालताना एकामागोमाग एक टेकड्या दिसतात. टाच जमिनीवर टेकली की एक टेकडी. एक टेकडी म्हणजे एक पाऊल.

पण प्रत्येक टेकडी मोजली तर फोन टेबलावर आपटला तरी पाऊल वाढेल. म्हणून गाळण्या लावाव्या लागतात. टेकडी ठरावीक उंचीच्या वर हवी. दोन टेकड्यांमधलं अंतर माणसाच्या चालीला शोभेल असं हवं. धडधाकट माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. आणि अशा टेकड्या सलग काही वेळ एका तालात यायला हव्यात. अँड्रॉइडमध्ये यासाठी दोन वेगळे सेन्सर आहेत: 'स्टेप डिटेक्टर' दोन सेकंदांच्या आत घाईघाईने सांगतो, तर 'स्टेप काउंटर' दहा सेकंदांपर्यंत वेळ घेतो पण जास्त अचूक असतो. तो आधी खात्री करतो की गडी खरंच चालतोय.

आता माझी पहिली फेरी आठवा. कुबडी टेक, दुखरा पाय उचल, थांब, श्वास घे, दुसरा पाय. मध्ये ओली फरशी आली की पुन्हा थांब. दुखरा पाय तर मी फुलावर ठेवल्यासारखा ठेवत होतो, त्याची टेकडी बनणार कशी? ताल नाही, उंची नाही, सलगपणा नाही. फोनच्या व्याख्येत ते चालणंच नव्हतं. रिक्षात मात्र खड्ड्यांनी अगदी एका तालात धक्के दिले. इंजिनची थरथर खूप जलद असते, ती गाळून निघते. पण रस्त्यावरचे ओळीने आलेले खड्डे सेकंदाला दोनच्या आसपास बसले की फोन फसतो. आमच्या रस्त्याला चालण्याची लय चांगली जमते म्हणायची.

२,००० पावलं म्हणजे किती अंतर?

दोन-तीन आठवड्यांत कुबडी सुटली, फोन पावलं मोजायला लागला आणि नवा घोळ सुरू झाला. ॲप म्हणायचं, २,००० पावलं, १.४ किलोमीटर. मी खूश. मग एके दिवशी शंका आली की हे १.४ आलं कुठून.

बरीच ॲप्स तुमची उंची विचारतात. ती उगाच नाही. पावलाची लांबी उंचीच्या सुमारे ०.४१ पट धरायची, असा एक जुना ठोकताळा आहे. माझी उंची १७० सेंटिमीटर, म्हणजे पाऊल ७० सेंटिमीटरचं. गुणिले २,००० बरोबर १.४ किलोमीटर. पण लंगडणारा माणूस ७० सेंटिमीटरचं पाऊल टाकत नाही.

आमच्या सेक्टरमधल्या मोकळ्या जागेत पोरांनी बॅडमिंटनचं कोर्ट आखलंय. नियमाप्रमाणे कोर्टाची लांबी १३.४० मीटर असते. टेप लावून पाहिलं तर पोरांचं कोर्ट बरोबर १३ मीटर भरलं. (मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे 'पाय बरा कर आधी' अशा नजरेने पाहिलं.) या टोकापासून त्या टोकापर्यंत मला २७ पावलं लागली. म्हणजे एक पाऊल ४८ सेंटिमीटरचं, आणि २,००० पावलं म्हणजे जेमतेम ९६० मीटर. ॲप मला जवळपास दीडपट अंतर सांगत होतं.

तुम्हीही दुखापतीतून उठत असाल तर हे एकदा करून पाहा. कोर्ट नसेल तर आयताकृती पेव्हर ब्लॉक बहुतेक २० सेंटिमीटर लांब आणि १० रुंद असतो. एक मोजून घ्या, पन्नास ब्लॉकांची रांग धरा, झाले दहा मीटर. काही ॲप्समध्ये पावलाची लांबी स्वतः भरता येते. पण दर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा, कारण पाय सुधारला की हा आकडाही बदलतो.

"मग जीपीएस लाव ना," असं मित्र म्हणाला. लावलं. चारकोपच्या आतल्या गल्ल्यांत ते बरं चालतं, आणि त्यामागे थोडा इतिहासही आहे. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने इथे लहान प्लॉट आखून दिले, त्यामुळे आतली बरीच घरं अजून बुटकी आहेत आणि डोक्यावर आकाश मोकळं आहे. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं. तेच मी लिंक रोड ओलांडून महावीर नगरच्या टॉवरांमध्ये चाललो तर नकाशावर माझी रेघ इमारतींच्या आरपार गेलेली. एका ठिकाणी मी कुणाच्या तरी पार्किंगमध्ये तीन वळसे घातलेले दिसले.

कारण असं की उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा सिग्नल आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून फोन अंतर काढतो. जागा ठरवायला तीन उपग्रह आणि फोनच्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला चौथा. सिग्नल थेट न येता टॉवरच्या काचेवर आपटून आला तर त्याने ३० मीटर जास्त प्रवास केलेला असू शकतो. फोनला वाटतं, उपग्रह तितका लांब आहे, आणि तो तुम्हाला नकाशावर सरकवून टाकतो. लिंक रोडवर वर मेट्रो २अ चा पूल आहे, तिथे अर्धं आकाशच झाकलेलं. दुसरी गंमत उलटी: बागेतल्या छोट्या ट्रॅकवर गोल फिरलात तर जीपीएस वळणं कापतं आणि अंतर कमी दाखवतं. आणि बाकावर बसलात तर ठिपका हळूहळू भटकत राहतो, अंतर वाढत राहतं. हळू चालणाऱ्या, वारंवार थांबणाऱ्या माणसासाठी जीपीएसचा आकडा तर आणखीच बेभरवशाचा.

सप्टेंबरमधला तो रविवार

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पुढचं नाही.

ॲपमध्ये मी रोजचं लक्ष्य ६,००० ठेवलं होतं. "फक्त ६,०००," असं मला वाटत होतं, कारण डोक्यात १०,००० चा आकडा बसलेला. हा १०,००० आला कुठून ते सांगतो. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट आली होती. १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं. त्याचं नाव मानपो-केई, अर्थ 'दहा हजार पावलांचं मीटर'. म्हणजे तुम्ही-आम्ही ज्याला डॉक्टरी नियम समजतो ते मुळात प्रॉडक्टचं नाव होतं. २०१९ मध्ये अमेरिकेत १६,७४१ वयस्कर महिलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय ७२. त्यात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० वाल्यांपेक्षा बराच कमी दिसला, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढणं थांबलं. यातला एकही आकडा मोडलेल्या घोट्यासाठी काढलेला नाही.

हे सगळं मी नंतर वाचलं. त्या रविवारी रात्री सव्वानऊला फोन वाजला: लक्ष्यापासून ८१२ पावलं दूर, अकरा दिवसांची साखळी तुटेल. बाहेर पाऊस. मी हॉलमध्ये सोफ्याभोवती फेऱ्या मारायला लागलो. घोटा संध्याकाळपासूनच जड होता. आई म्हणाली, "अरे, पाय मोबाईलचा मोडलाय की तुझा?" मी म्हटलं, "झालंच, पाच मिनिटं." ८१२ पूर्ण केली. स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडाले.

सकाळी घोटा इतका सुजला होता की हाड दिसेना. मॅडमनी दाबून पाहिलं, मग फोन मागितला आणि आठवड्याचा आलेख बघितला. दर दिवशी ६,००० च्या जरा वर. "हे तुमच्या पायाने ठरवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पाय एक दिवस ३,००० म्हणेल, एक दिवस ४,५००." चालणं पुन्हा दहा मिनिटांवर. ऑफिसला परत जायची तारीख मी मॅनेजरला दिली होती, ती दोन आठवडे पुढे ढकलावी लागली. त्या फोनकॉलवर मी कारण सांगितलं नाही. सोफ्याभोवती फिरून पाय सुजला, हे कसं सांगणार?

लंगडणं आलेखावर

त्यानंतर मी साखळी आणि नोटिफिकेशन दोन्ही बंद केली. मग वाटलं की फोनमध्ये इतका चांगला सेन्सर आहे, तर त्याला योग्य प्रश्न विचारून बघू. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, फोनचे सेन्सर वापरून भौतिकशास्त्राचे प्रयोग करण्यासाठी बनवलेलं. त्यात ॲक्सेलरोमीटरची कच्ची रेघ दिसते आणि फाइल बाहेर काढता येते. फोन पोटाच्या मधोमध पट्ट्याने बांधला, कारण एका बाजूच्या खिशात ठेवला तर त्याच बाजूच्या पायाचा धक्का मोठा दिसतो. बॅडमिंटन कोर्टावर सरळ चाललो आणि लॅपटॉपवर रेघ उघडली.

एक उंच टेकडी, एक बुटकी. एक उंच, एक बुटकी. उंच डाव्या पायाची, बुटकी उजव्या. टेकड्यांमधला वेळही सारखा नव्हता: ०.९ सेकंद, मग ०.६, मग परत ०.९. डाव्या पायावर मी रेंगाळत होतो आणि उजव्यावरून पटकन उठत होतो. सहा आठवडे प्लास्टर, मग इतके दिवस व्यायाम, पण आपण नेमकं कसं लंगडतो ते मला पहिल्यांदा त्या रेघेत दिसलं. बुटकी टेकडी आणखी थोडी बुटकी असती तर गाळणीतून निसटली असती, आणि फोनने दोन पावलांमागे एकच मोजलं असतं. काही दिवसांचे माझे आकडे निम्मे का होते, तेही कळलं.

आयफोन असेल तर इतकी खटपट नको. आयफोन ८ आणि पुढच्या मॉडेलमध्ये, आयओएस १४ पासून, हेल्थ ॲपमध्ये 'वॉकिंग ॲसिमेट्री' दिसते: एका पायाचं पाऊल दुसऱ्यापेक्षा जलद किंवा सावकाश पडण्याचं प्रमाण किती, त्याची टक्केवारी. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळही तिथे मिळतो. नेहमीच्या चालीत तो २० ते ४० टक्के असतो असं ॲपल सांगतं. मात्र फोन कमरेजवळच्या खिशात हवा आणि रस्ता सपाट हवा. हातात किंवा सॅकमध्ये ठेवून उपयोग नाही.

सपाट रस्ता हीच तर अडचण. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर रुंदी हवी आणि कडेचा कर्ब १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. घोटा नीट वाकत नसेल तर हे १५० मिलिमीटर काय असतात ते अंगाने कळतं. उचकटलेला पेव्हर ब्लॉक, पावसाळ्यात त्यावरचं शेवाळ, गेटसमोर अचानक उतरणारा रॅम्प; ज्या फुटपाथवरून मी लहानपणापासून पळालो तो मला आता पहिल्यांदा दिसत होता. पाणी वाहून जावं म्हणून फुटपाथला आडवा उतार असतो, त्यामुळे एक पाय सतत किंचित खाली पडतो. मी जाताना आणि येताना त्याच फुटपाथवरून यायला लागलो; जाताना उजवा पाय उताराकडे, तर येताना डावा. आलेख काढायचा तो मात्र कोर्टावरच, म्हणजे आजची तुलना कालशी होते, रस्त्याशी नाही.

आता मी काय बघतो

पहिलं म्हणजे मिनिटं. मॅडमचा हिशोब बरोबर होता. मिनिटाला गाळणी लागत नाही.

दुसरं, सकाळचा घोटा. उठल्यावर दुखणं किंवा सूज कालच्यापेक्षा जास्त असेल तर कालचं चालणं जास्त झालं. हे मी फोनच्या नोट्समध्ये एका ओळीत लिहितो. यासाठी अजून सेन्सर नाही. (हा नियम मला माझ्या दुखापतीसाठी सांगितलाय. माझ्या घोट्याचं वेळापत्रक तुमच्या गुडघ्याला लावू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.)

तिसरं, मिनिटाला पडणारी पावलं. प्रौढ माणसाचं चालणं मिनिटाला १०० च्या आसपास गेलं की ते मध्यम व्यायामात धरतात. मी सुरुवातीला ८० वर होतो. हा आकडा अंतरापेक्षा प्रामाणिक, कारण त्यात ना उंचीचा ठोकताळा लागतो, ना आकाश.

परवानग्यांचंही बघून घ्या. अँड्रॉइड १० पासून पावलं वाचायला ॲपला 'फिजिकल ॲक्टिव्हिटी'ची परवानगी मागावी लागते. तेवढी पुरते. पावलं मोजायला लोकेशन आणि काँटॅक्ट मागणारं ॲप मी काढून टाकलं. रूट सार्वजनिक ठेवत असाल तर तुमची रेघ रोज तुमच्याच दारात सुरू होते आणि तिथेच संपते, हे लक्षात ठेवा. २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावर असेच व्यायाम करणाऱ्या सैनिकांच्या रेघांवरून लष्करी तळ उघडे पडले होते.

आणि चालताना फोन खिशात. याबद्दल मी जास्त बोलणं शोभत नाही.

नोव्हेंबरमध्ये ऑफिस सुरू झालं. पहिल्या दिवशी कांदिवली स्टेशनचा पूल कठड्याला धरून चढलो, दोन लोकल सोडल्या, तिसऱ्या स्लोमध्ये उभं राहायला जागा मिळाली. रात्री सहज आकडा पाहिला, ७,३०४. त्यात किती माझी आणि किती रिक्षाची, देव जाणे. शनिवारी पुन्हा कोर्टावर गेलो. १३ मीटरला १९ पावलं. टेकड्यांमधला वेळ ०.५५ आणि ०.५२ सेकंद. उजवीकडची टेकडी अजून थोडी बुटकी आहे. फाइलला तारीख घालून सेव्ह केली आणि खाली बर्फाची पिशवी आणायला गेलो.